वण आणि वैराग्य

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एका ताईंनी प्रश्न टाकला होता. त्यांच्या मुलीच्या हातावर आणि मानेवर लहानपणी भाजल्याचे वण आहेत. मुलगी आता कॉलेजात आहे, तिला त्यावर उपचार घ्यायचे आहेत. ताईंनी विचारलं होतं, "आपण रोज ‘मी देह नाही’ असं म्हणतो. मग वणांसाठी एवढा पैसा आणि वेळ घालवणं हा देहाभिमान नाही का?" त्याखाली पुष्कळ उत्तरं आली, बहुतेक हात जोडलेली. "ताई, देह नश्वर आहे." "आत्म्यावर डाग पडत नाही." "नाम घ्या, आपोआप विसरायला होईल." एकाच साधकाने विचारलं, "तिची मान पूर्ण वळते ना?" त्या सगळ्यांत मला हेच पटलं, आणि ते उत्तर नव्हतंच, प्रश्न होता.

संपादक मंडळाने या अंकासाठी त्यावर लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. बीएस्सी होऊन संसार केलेली बाई आहे. दर गुरुवारी आपल्या दवाखाना-सेवेत जाते, जळीत वॉर्डात डबे देते, तिथल्या सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट जे सांगतात ते ऐकते, घरी येऊन वाचते. एवढाच माझा अधिकार.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ‘देह नश्वर आहे’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, पण ते स्वतःला सांगायचं वाक्य आहे. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी काढून घेतली तर आपल्याला उपासाचं पुण्य लागत नाही. तसंच दुसऱ्याच्या दुखऱ्या अंगावर आपलं वैराग्य दाखवता येत नाही. स्वतःचा गुडघा धरला की आपण सगळे या नश्वर देहाला मलम चोळतोच की!

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं जुन्या वस्त्राचं उदाहरण अशा चर्चेत हमखास येतं, तसं ते ग्रुपवरही आलं. पण ते उदाहरण मृत्यूबद्दलचं आहे, जखमेबद्दलचं नाही. साडी एक दिवस टाकायची आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आज पदर फाटला तर तो तसाच लोंबू देतो का? रफू करतो.

आणि वण म्हणजे अक्षरशः रफूच आहे. निरोगी कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन नावाचे तंतू टोपली विणल्यासारखे आडवेउभे गुंफलेले असतात. खोल जखम झाली की शरीराला घाई असते. रक्त थांबवायचं असतं, जंतू आत शिरू द्यायचे नसतात. मग तंतू भराभर टाकले जातात, आणि ते विणले न जाता बरेचसे एकाच दिशेने पडतात. म्हणून वणाची कातडी वेगळी दिसते, वेगळी चकाकते. मोठ्या, खोल वणात केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी पुन्हा तयार होत नाहीत. आपल्या भोपाळच्या मे महिन्यात ज्यांच्या अंगावर मोठे वण आहेत त्यांना इतरांपेक्षा जास्त उकडतं, ते नाटक नसतं, घाम यायला तिथे जागाच नसते. पहिले काही महिने वण लाल, जाड आणि खाजरा असतो. तो निवायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. पूर्ण निवल्यावरही त्या कातडीची ताकद मूळच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोचते.

मला सगळ्यात विचार करायला लावलं ते पुढच्या गोष्टीने. आपल्याला वाटतं, जखम एकदा भरली की भरली. तसं नसतं. वणातले तंतू सारखे झिजतात आणि शरीर ते सारखे नव्याने घालत राहतं. त्या कामाला क जीवनसत्त्व लागतं. जुन्या काळी महिनोन् महिने समुद्रावर असलेल्या खलाशांना ताजी फळं-भाज्या मिळत नसत, आणि त्यांना स्कर्व्ही हा रोग व्हायचा. जॉर्ज अॅन्सन या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने १७४० ते १७४४ मध्ये जगप्रवास केला. त्याच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या सैनिकाची हकीकत आहे. १६९० सालच्या एका लढाईत त्याला जखमा झाल्या होत्या, त्या भरून पन्नास वर्षं झाली होती. बोटीवर स्कर्व्ही झाला आणि त्याच जखमा पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. म्हणजे पन्नास वर्षं त्याचं शरीर त्या जखमा रोजच्या रोज मिटवत होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. भाजलेल्या माणसाला "आता झालं ना बरं, विसरून जा" म्हणताना मला आताशा हा सैनिक आठवतो.

जाता जाता स्वयंपाकघरातलं एक. घरात कुणाला टाके पडले असतील, भाजलं असेल, तर आवळा, पेरू, लिंबू यांच्याबरोबर डाळ, उसळ, दूध, चालत असेल तर अंडं, हे रोज पोटात गेलं पाहिजे. त्या काळात कडक उपास नकोत. सिझेरियनचे टाके ओले असताना एकादशीपासून पुढे चार-चार दिवस साबुदाण्यावर काढणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्चच असतो, त्याने जखम कशी विणली जाणार? देवाला तेवढं कळतं.

कुणी म्हणेल, जखम भरली इथवर ठीक, पण ती दिसते कशी याची काळजी हे आजकालचं खूळ आहे. तसं नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यात जखम धुणं, शिवणं, बांधणं तर आहेच. पण जखम भरून आल्यानंतरचेही उपाय आहेत: पांढरा पडलेला वण काळसर करण्याचा, काळा पडलेला उजळ करण्याचा, तिथे पुन्हा केस यावेत म्हणून करायचा. ते लेप आज लावा असं मी मुळीच म्हणत नाही. मला यादी महत्त्वाची वाटते. ज्या यादीत माणूस वाचवणं आहे त्याच यादीत त्याच्या कातडीचा रंगही धरला आहे, वेगळा काढून ‘हौस’ म्हणून टाकलेला नाही.

पुण्याजवळची एक गोष्ट तर याहून बोलकी आहे. ‘नाक कापलं गेलं’ असं आपण बोलण्यात म्हणतो. कावसजी नावाच्या माणसाचं ते खरोखरच कापलं गेलं होतं. (नाव पारशी वाटतं, पण वृत्तांतात त्याला मराठा शेतकरी म्हटलं आहे.) १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात तो इंग्रज फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं, नाक कापलं आणि एक हातही तोडला. साधारण वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मुंबईचे दोन इंग्रज सर्जन, क्रूसो आणि फिंडले, ही शस्त्रक्रिया बघायला हजर होते. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवायचा, मग तोच सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची, आणि तेवढी कपाळाची कातडी सोडवायची. ती दोन भुवयांच्या मध्ये जोडलेलीच ठेवायची, म्हणजे तिला रक्त मिळत राहतं, आणि वळवून खाली नाकावर बसवायची. सुमारे पंचवीस दिवसांनी मधला जोड कापायचा. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. मूळ चित्र जेम्स वेल्सचं, सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढणारा तोच. त्यानंतर वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, कार्प्यू नावाच्या सर्जनने या पद्धतीने लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली, आणि तिथून ती युरोपभर गेली.

कावसजीच्या कपाळावर अर्थातच नवा वण राहिला. काही काळाने तो फारसा नजरेत येत नाही, हेही त्या हकीकतीत लिहिलं आहे. रुग्णाचं नाव आहे, साहेबांची नावं आहेत, विटा पाडणाऱ्याचं नाव कुठेच नाही. आपण सेवेचे फोटो ग्रुपवर टाकतो तेव्हा मला तो आठवतो. ‘देह मातीचा आहे’ असं म्हणण्याचा खरा अधिकार कुणाला असेल तर जन्मभर माती तुडवणाऱ्या त्या माणसाला होता. त्याने तसं काही सांगितलं नाही, मेण घेतलं आणि कामाला लागला.

आता दुसऱ्या बाजूचंही बोलते, कारण ग्रुपवर तेही आलं होतं. "वण लपवायचे कशाला? ते तर भूषण! पांडुरंगाच्या छातीवरही भृगूंच्या लाथेची खूण आहे." कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. भृगू ऋषींनी परीक्षा घेण्यासाठी विष्णूच्या छातीवर लाथ मारली. देव रागावला नाही, उलट त्यांचाच पाय चेपत "आपल्याला लागलं तर नाही ना?" असं विचारू लागला, आणि ती खूण त्याने अंगावर मिरवली. कथा मलाही फार प्रिय आहे. पण नीट बघा, ती खूण देवाने स्वतः ठेवली. भृगूंनी "राहू द्या, शोभून दिसते" असं सांगितलं नव्हतं. ज्याच्या अंगावर वण आहे त्याने तो भूषण मानला तर त्याच्यापुढे हात जोडावेत. पण बाहेरून कुणी हे बिरुद चिकटवलं तर तेही ‘देह नश्वर’ इतकंच जड होतं. अठरा-वीस वर्षांच्या मुलीवर आधी वणाचं ओझं, वर शूर दिसण्याचं ओझं. तिला उपचार हवे असतील तर उपचार, नको असतील तर नको. यात आपलं मत कुणी मागितलेलंच नाही.

आपल्याकडे शब्दही किती विचार करून वापरायला हवेत! वण म्हणजे भरलेली जखम. खूण म्हणजे ओळखायला उपयोगी पडते ती. डाग म्हणजे काढून टाकायचा असतो तो, आणि तो चारित्र्यावरही पडतो. हिंदीतल्या ‘दाग’चंही तेच. आपण भोपाळकर मराठी माणसं दोन्ही भाषांतून हाच शब्द उचलतो आणि "तिच्या मानेवर डाग आहे" असं सहज बोलून जातो. सरकारी फॉर्मवर ‘पहचान चिह्न’ म्हणून तीच खूण अभिमानाने लिहून घेतात, आणि स्थळासाठी फोटो काढताना तीच पदराखाली घालतात. माझ्या वयाच्या बहुतेकांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. आमचा तो वण बघून कुणी कधी "अगंबाई, काय झालं?" म्हटलं नाही, कारण तो सगळ्यांकडे होता. म्हणजे खुपतो तो वण नव्हे, एकटं पडणं.

भाजलेल्या बाईच्या बाबतीत तर लोक मनातल्या मनात खटलाच चालवतात. स्टो होता की सासू? स्वतःहून की कुणी? हा प्रश्न ओठांवर नसला तरी नजरेत असतो, आणि तो समोरच्याला बरोबर दिसतो. वॉर्डातल्या एका सिस्टरने मला सांगितलेली रीत मी पाळते. डोळ्यांकडे बघून बोलायचं, कामाचं बोलायचं, आणि "काय झालं" हे तिने आपणहून सांगितलं तरच ऐकायचं. लग्नाच्या बाबतीत विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन, भाजल्याचा वण हा रोग नाही, तो संसर्गाने पसरत नाही आणि मुलाबाळांत उतरत नाही.

आणि न दिसणारे वणही असतात, हे भोपाळात तरी कुणाला सांगायला नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जो वायू सुटला त्याने कातडीपेक्षा डोळे आणि फुफ्फुसं जाळली. फुफ्फुसात फायब्रोसिस होतो म्हणतात, तोही वणच, फक्त आतला. ज्याचा वण बाहेर आहे त्याला सगळे विचारतात आणि ज्याचा आत आहे त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. सत्संगाच्या हॉलच्या पायऱ्यांवर मध्येच थांबणाऱ्या काकांना "एवढ्यात दमलात?" म्हणण्याआधी ते कुठल्या मोहल्ल्यात राहत होते हे आठवावं.

आता काळजीबद्दल, कारण ताईंना खरं तर हे हवं होतं. आधी त्या साधकाचा प्रश्न, मान वळते का. लहानपणी भाजलेल्या मुलांत हे फार महत्त्वाचं असतं, कारण मूल वाढतं पण वण त्या वेगाने वाढत नाही. मान, काख, कोपर, बोटं, जिथे सांधा आहे तिथे वण आखडतो आणि हालचाल ओढून धरतो. अशी ओढ असेल तर तो सौंदर्याचा प्रश्नच उरत नाही. प्लास्टिक सर्जन शस्त्रक्रियेने ती ओढ सोडवू शकतात. आपल्या एम्समध्ये बर्न्स आणि प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे दाखवावं. शस्त्रक्रियेनंतर व्यायाम आणि पट्ट्या सोडल्या तर वण पुन्हा आखडतो, म्हणून खरी साधना तिथून पुढे असते.

ओढ नसेल आणि फक्त दिसण्याचा त्रास असेल तर लेझरसारखे उपाय आहेत. त्याने वण मऊ, फिका होऊ शकतो. पूर्ण नाहीसा होत नाही. "एकदम साफ करून देतो" असं कुणी म्हणालं तर पर्स घट्ट धरून बाहेर पडावं.

नवा वण असेल तर हातात पुष्कळ काही असतं. जखम पूर्ण मिटली, खपली गेली, की दिवसातून दोन-तीन वेळा साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावून बोटाने दाबून गोल गोल मालिश. तेलापेक्षा दाबाचं महत्त्व जास्त. जाड होऊ लागलेल्या वणावर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी मिळते. पट्टी दिवसाचे निदान बारा तास, काही महिने लावावी लागते. चार दिवस लावून "काही फरक नाही" म्हणू नये. मोठ्या भाजलेल्या भागावर मापाने शिवलेले घट्ट कपडे देतात, ते अंघोळ सोडून जवळजवळ दिवसभर घालायचे असतात. उन्हाळ्यात तो छळच आहे, आणि मुलांनी ते घालावेत म्हणून आया काय काय करतात ते बघून माझी मान आपोआप झुकते. नव्या वणाला ऊन लागलं की तो काळा पडतो, म्हणून झाकायचा किंवा सनस्क्रीन लावायचं. लिंबू चोळू नये. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते. त्या तर नकोतच.

केलॉइडचं प्रकरण वेगळं. त्यात वण जखमेची हद्द सोडून बाहेर वाढतो. कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदा या त्याच्या नेहमीच्या जागा. तो घराण्यात असतो आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीत जास्त आढळतो. नुसता कापून टाकला तर बरेचदा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो, म्हणून डॉक्टर त्यात इंजेक्शनं देतात. घरात कुणाला केलॉइड असेल तर मुलींचे कान वर-वर दोन-तीन ठिकाणी टोचण्याची फॅशन टाळावी. एवढं सांगून मी गप्प बसते, मुली ऐकतात असं नाही.

शेवटचं आपल्या भंडाऱ्याबद्दल. मोठ्या कढया, उकळती डाळ, दहा बायका आणि ओढण्या, हे सगळं एका मंडपात असतं. कुणालाही चटका बसला तर पहिली गोष्ट म्हणजे वाहतं गार पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. सूज यायच्या आत बांगड्या आणि अंगठ्या काढायच्या, मग स्वच्छ कापड सैल झाकून दवाखान्यात. पहिल्या वीस मिनिटांच्या पाण्याने वण किती खोल होणार हे बरंच ठरतं. सेवेला येताना सुती कपडे आणि ओढणी कमरेला खोचलेली असावी. मंडप बांधणाऱ्यांना या वेळी आधीच सांगायचं आहे की नळ कढईपासून दहा पावलांच्या आत हवा. तसं जमलं नाही तर भरलेली दोन पिंपं आणि दोन मग चुलीजवळ ठेवायचे, आणि त्यातलं पाणी कणीक मळायला कुणीही घ्यायचं नाही.

जय गुरुदेव.
— एक सेविका, भोपाळ